तार, पातं आणि स्प्रिंग: घरी बांधायचं एक प्रयोगी वाद्य

तुणतुणं जवळून पाहिलं की वाद्याला किती कमी सामान पुरतं ते कळतं. लाकडाचं नळकांडं, त्याच्या तळाला ताणलेलं कातडं, एक दांडी, एक खुंटी आणि एक तार एवढ्यावर शाहिराच्या मागे रात्रभर सूर धरता येतो. प्रयोगी वाद्य बांधणारे याच हिशोबाने विचार करतात: हलायला काहीतरी हवं, ते टेकायला काहीतरी हवं आणि ती हालचाल कानापर्यंत पोचवायला काहीतरी हवं. ब्रिटिश संगीतकार ह्यू डेव्हिस यांनी १९६८ मध्ये विश्वकोशाच्या एका खंडाच्या पुठ्ठ्यात करवतीची बारीक पाती, स्प्रिंग अशा वस्तू बसवून त्यांना कॉन्टॅक्ट मायक्रोफोन (वस्तूला चिकटून तिचा कंप टिपणारे) लावले. त्या खंडाच्या पाठीवर छापलेल्या अक्षरांवरूनच वाद्याचं नाव पडलं, ‘शोझिग’.

इथे दिलेलं वाद्य त्याच जातीचं आहे. एका फळीवर तीन तारा, हॅक्सॉ ब्लेडची आठ पाती, एक-दोन स्प्रिंगा आणि हे सगळं ऐकणाऱ्या दोन पिझो चकत्या. फळीचा स्वतःचा आवाज फार मोठा नाही. दोन घरांत एकच भिंत असलेल्या मुंबईत ही सोयच आहे: हेडफोन लावून रात्री एक वाजताही वाजवता येतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की धरा. घरगुती वाद्याचा आवाज बिघडतो तो बहुतेक वेळा टेकूपाशी. तार चांगली असते, पातंही चांगलं असतं, पण ते जिथे टेकतं तिथे काहीतरी ढिलं, गोलसर किंवा मऊ असतं आणि कंप तिथेच जिरतो. म्हणून वेळ आणि पैसा टेकूवर खर्च करा. बाकीचं सगळं स्क्रू-बोल्टने बसवा, डिंकाने चिकटवू नका. पहिलं वाद्य किमान चार वेळा उघडावं लागतं.

सामान

फळीसाठी १८ मिमी जाडीचा प्लाय, ८५० × २०० मिमी. अख्खी शीट घेऊ नका. फर्निचरचं काम चालू असलेल्या कुठल्याही घरात सुताराकडे एवढा कटपीस पडलेला असतो. आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय मिळाला तर उत्तम. आयएस ३०३ चा साधा प्लायही चालेल, पण त्याच्या कडा सील करायला विसरू नका.

लोखंडासाठी कोपऱ्यावरचा ग्रिल-वेल्डिंगवाला गाठा. २० × २० मिमीची भरीव चौरस सळई २०० मिमी आणि २० × ५ मिमीची चपटी पट्टी २०० मिमी, दोन्ही ब्राइट बारमधून मागा. काळ्या लोखंडाच्या कडा गोल असतात आणि इथे कडेवरच सगळा खेळ आहे. बोल्ट, आय-बोल्ट (टोकाला कडं असलेले बोल्ट), वॉशर, ड्रिलचे बिट, हॅक्सॉ ब्लेड आणि स्प्रिंगा नागदेवी स्ट्रीटला एका फेरीत होतात. जुन्या घड्याळांतल्या आणि यंत्रांतल्या विचित्र स्प्रिंगा हव्या असतील तर चोरबाजार चाळा. इलेक्ट्रॉनिक्ससाठी ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड. रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारी जा. तारा कुठल्याही वाद्यांच्या दुकानात सुट्या मिळतात: गिटारच्या दहा नंबरच्या दोन (०.२५ मिमी) आणि सतरा नंबरची साधी, न गुंडाळलेली एक (०.४३ मिमी). दहा नंबरच्या चार घ्या, दोन तुटणार आहेत.

बाकी यादी अशी: एम ६ × ६० मिमीचे पाच बोल्ट, एम ६ × ७५ चे दोन कॅरेज बोल्ट, एम ६ चे लांब आटे असलेले तीन आय-बोल्ट, नट आणि वॉशर भरपूर, ८० × ४० × ४० मिमीचा सागवानाचा ठोकळा, ८ मिमी जाडीची पितळी सळई ८० मिमी, ३० मिमी रुंद आणि ३० मिमी उंच शिसवी किंवा सागवानी पट्टी ८० मिमी, पायांसाठी चार रबरी बुश.

आधी कागदावर

ब्राउन पेपरवर खऱ्या मापाने नकाशा काढा. फळीची लांबी आडवी धरा. तुमच्यापासून लांबच्या कडेला ८० मिमीचा पट्टा तारांचा, जवळच्या कडेला पात्यांचा, मधे उरलेल्या जागेत स्प्रिंग. कागदावर दोन्ही हात ठेवून पाहा. तार छेडणारा हात पात्यांवर घासतोय का? घासत असेल तर पात्यांची सळई डावीकडे किंवा उजवीकडे सरकवा. हे आत्ता फुकट आहे, भोकं पाडल्यावर नाही.

पाती

पट्टी एका टोकाला घट्ट धरली आणि दुसरं टोक मोकळं ठेवलं की तिचा सूर जाडी आणि मोकळी लांबी यांवर ठरतो. जाडी दुप्पट केली तर सूर एक सप्तक वर जातो. लांबी निम्मी केली तर दोन सप्तकं वर, कारण लांबीचा वर्ग लागतो. रुंदीचा सुराशी संबंध नाही, म्हणून दात घासून काढले तरी सूर फारसा हलत नाही.

हॅक्सॉ ब्लेड साधारण ०.६३ मिमी जाड असतं. त्याची मोकळी लांबी ४५ मिमी ठेवली की सुमारे २५४ हर्ट्‌झ मिळतात, म्हणजे पेटीच्या पांढरी एकच्या (२६१.६ हर्ट्‌झ) किंचित खाली. त्याला सा धरला तर शुद्ध स्वरांसाठी मोकळ्या लांब्या अशा येतात: सा ४५, रे ४२.४, ग ४०.२, म ३९, प ३६.७, ध ३४.९, नी ३२.९ आणि वरचा सा ३१.८ मिमी. आकडे पाहून लक्षात येईल की अख्खं सप्तक १३ मिमीत बसलंय. ४० मिमीवर एक मिलिमीटर चूक झाली की सूर पाच टक्के हलतो, म्हणजे पेटीवरच्या जवळजवळ एका पट्टीइतका. फूटपट्टीने फक्त जवळपास पोचायचं, शेवटचं काम कानाने करायचं.

प्रत्येक तुकडा मोकळ्या लांबीपेक्षा २० मिमी जास्त कापा, तेवढा भाग सळईत धरला जाईल. दोन ब्लेडांत आठही तुकडे निघतात, पण तीन घ्या. पूर्ण कडक ब्लेड वाकवलं की काचेसारखं तुटतं आणि कपची डोळ्याकडे उडते. चष्मा लावल्याशिवाय हात लावू नका. वेल्डिंगवाल्याकडे कटिंग व्हीलवर कापून घेणं जास्त सुरक्षित. त्याला सांगा की थोडं थोडं कापायचं आणि मधे पाण्यात बुडवायचं. स्टील निळं पडलं की त्याचं पाणी उतरतं. तसं पातं आधी बरं वाजतं, पण जोरात दाबलं की वाकतं आणि परत येत नाही. दात ग्राइंडरवर साफ करा आणि चारही कडांवरून ऑइलस्टोन फिरवा, नाहीतर पहिल्याच दिवशी बोटं कापतील.

आता टेकू. चौरस सळई खाली, पाती मधे, चपटी पट्टी वर आणि पाच बोल्ट या तिन्हींना फळीशी जखडतात. सळई आणि पट्टी शिकंज्यात एकत्र धरूनच ६.५ मिमीची भोकं पाडून घ्या. वेगवेगळी पाडली तर जुळत नाहीत. भोकं टोकापासून १०, ५५, १००, १४५ आणि १९० मिमीवर येतात, म्हणजे दर दोन बोल्टांमधे दोन पाती बसतात. चार-चार पात्यांमागे एक बोल्ट ठेवला तर मधल्या पात्यांवर पट्टी पुरेशी दाबत नाही आणि ती खरखरतात.

ज्या बाजूने पाती बाहेर येतात, त्या बाजूच्या सळईच्या आणि पट्टीच्या कडा एका रेषेत हव्यात. गुण्याची पट्टी लावून उजेडाकडे धरा. वरची पट्टी एक मिलिमीटर मागे राहिली असेल तर पातं खाली जाताना एका ठिकाणाहून वाकतं, वर येताना दुसऱ्या, आणि प्रत्येक हेलकाव्याला सळईच्या कडेवर आपटतं. ऐकताना तो ‘झ्झ’ असा चिकट आवाज येतो. बोल्ट कितीही आवळले तरी तो जात नाही. बोल्ट सैल करून पट्टी जागेवर आणली की त्याच क्षणी जातो. कडांना गोलाई दिसली तर सपाट कानशीने एक-दोन हात मारून धार सरळ करा.

बोल्ट आवळताना मधून बाहेरच्या दिशेने जा आणि एका झटक्यात पूर्ण आवळू नका. सुरात मिळवताना दोन बोल्ट अर्धा फेरा सैल करून पातं आत-बाहेर सरकवा. अगदी शेवटी केसभर फरक उरला तर कानस वापरा: टोकाकडे घासलं की सूर चढतो, सळईजवळ पृष्ठभाग घासला की उतरतो. टोकाला सोल्डरचा थेंब दिला तरी उतरतो. अशा पात्याचा दुसरा उपस्वर (मूळ सुरासोबत वाजणारा वरचा सूर) मूळ सुराच्या सुमारे ६.२७ पट असतो. तो मूळ सुराशी जुळत नाही, म्हणून आवाज घंटेसारखा येतो. त्याला दोष समजू नका. रबराने वाजवलं तर तो दबतो, स्टीलच्या सळईने वाजवलं तर उसळून येतो.

तारा

एका टोकाला १५ मिमी उंच लाकडी पट्टी स्क्रूने बसवा. तिच्यावर २५ मिमी अंतराने तीन स्क्रू आणि वॉशर लावून तारांची गुंडी त्यात अडकवा. दुसऱ्या टोकाला सागवानी ठोकळा दोन कॅरेज बोल्टांनी फळीला आरपार. ठोकळ्यात फळीपासून १५ मिमी उंचीवर आडवी ६.५ मिमीची तीन भोकं, त्यांतून आय-बोल्ट, मागून वॉशर आणि नट. नट आवळला की आय-बोल्ट मागे ओढला जातो आणि तार ताणते.

दोन घोड्या, म्हणजे तारा ज्यांच्यावर टेकतात ते टेकू. आय-बोल्टच्या बाजूला लाकडी पट्टीत खाचा पाडून बसवलेली पितळी सळई. दुसऱ्या बाजूला ती ३० मिमी रुंद घोडी, ती चिकटवायची नाही. दोन्हींची एकूण उंची ३० मिमी, मधलं अंतर ६०० मिमी. घोडीच्या मागे साधारण ६० मिमीवर तार बांधलेली असली की ती बारा-चौदा अंशांत खाली उतरते. याहून सपाट उतरली तर जोरात छेडल्यावर तार घोडीवरून उडते. फार तिरकी उतरली तर घोडीवर अडकते आणि नट फिरवूनही सूर हलत नाही, मग अचानक उडी मारतो.

६०० मिमीवर दहा नंबरची तार पांढरी एकला आणायला सुमारे ४ किलोचा ताण लागतो. सतरा नंबरची खालच्या पंचमाला आणायला साडेसहा. दोन सा आणि एक प मिळून साडेचौदा किलो होतात, म्हणून १८ मिमी फळी. ६ मिमी प्लायवर हा ताण दिला तर फळी धनुष्यासारखी वाकते आणि एक तार लावली की बाकीच्या दोन उतरतात.

एम ६ चा आटा एक मिलिमीटरचा असतो, म्हणजे नटाचा एक फेरा तारेला एक मिलिमीटर ओढतो. दहा नंबरच्या तारेत त्याने सूर पेटीच्या सुमारे तीन पट्ट्या चढतो, जाड तारेत साडेचार. तेव्हा १० नंबरच्या पान्याने एका वेळी अष्टमांश फेरा, त्याहून जास्त नाही. दुसऱ्या हाताने आय-बोल्टचं कडं पकडीत धरून ठेवा, नाहीतर तो तारेसकट पिळतो आणि तार गाठीजवळ तुटते. गाठ बांधताना तार कड्यातून दोनदा ओवून स्वतःभोवती किमान सहा घट्ट वेढे घ्या. नवीन तार पहिले दोन दिवस उतरतच राहते, त्यात वेढ्यांमधली ढिलाई जास्त असते, तारेचं स्वतःचं ताणणं कमी.

जवारी

या वाद्यातला सर्वात खोल प्रयोग त्या रुंद घोडीवर करायचा आहे. तंबोऱ्याची तार घोडीच्या धारेवर टेकत नाही, ती किंचित उतरत्या पृष्ठभागावरून घसरत बाहेर पडते आणि कंप पावताना त्या पृष्ठभागाला पुन्हा पुन्हा स्पर्श करते. त्यातून येणारा झणझणता, उघडा आवाज म्हणजे जवारी. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेवर लिहिताना याच घोडीकडे लक्ष वेधलं. साध्या तारेला ज्या बिंदूवर छेडलं की एखादा उपस्वर गप्प बसायला हवा, तो उपस्वर तंबोऱ्यात तरीही वाजतो.

घोडीचा वरचा पृष्ठभाग आधी सपाट करा. मग तारेच्या मोकळ्या बाजूकडचा अर्धा भाग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासून अगदी थोडा उतरता करा. ३० मिमी रुंदीत अर्धा मिलिमीटर उतार पुरे. पेपर काचेवर ठेवून घोडी त्याच्यावर फिरवा, पेपर हातात धरून घासू नका. हाताने घासलं की मधे फुगवटा येतो. शेवटी ८०० आणि १२०० नंबर.

तार लावा. नुसती वाजवली तर बहुधा कोरडी, चपटी खणखण ऐकू येईल. आता शिवणाच्या सुती दोऱ्याचा एकच पदर तारेखालून घ्या, दोन्ही टोकं चिमटीत धरा आणि तार छेडत छेडत दोरा उताराच्या बाजूला अगदी हळू सरकवा. आधी काही होत नाही. मग एका जागी आवाज पातळ होतो, बसल्यासारखा. तिथून आणखी अर्धा मिलिमीटर पुढे गेलात की तार एकदम उघडते. मूळ सुरावर वरचा पंचम, मग वरचा गांधार एकेक करून झरझर उतरत येतात आणि सूर कितीतरी वेळ रेंगाळतो. तिथेच थांबा. दोरा थोडा पुढे गेला तर पुन्हा सगळं मिटतं. काही केल्या तार उघडत नसेल तर उतार जास्त झाला आहे. घोडी उलटवून दुसऱ्या तोंडावर नवा पृष्ठभाग बनवा. सूर बदलला की दोऱ्याची जागाही बदलते, म्हणून आधी तार लावायची, मग जवारी.

तिन्ही तारांवर एकच प्रकार ठेवायची गरज नाही. एकीला दोरा, दुसरी कोरडी, तिसरीखाली पत्र्याची बारीक पट्टी ठेवून पाहा.

स्प्रिंग

८ मिमी व्यासाची, ८०-१०० मिमी लांब ताणाची स्प्रिंग दीडपट ताणून दोन स्क्रूंमधे अडकवा. एक स्क्रू पितळी घोडीच्या लाकडात घातला तर तारांचा कंप स्प्रिंगमधे शिरतो आणि मागून घुमारा येतो. जास्त ताणू नका, वेढे कायमचे उघडले की आवाज जातो.

पिझो आणि सर्किट

पिझो म्हणजे पितळी चकतीवर चिनी मातीसारख्या पदार्थाचा पांढरा थर. वाकला की विजेचा दाब निर्माण करतो. २७ मिमीची एक आणि २० मिमीची एक घ्या, शक्यतो तारा आधीच जोडलेल्या. स्वतः जोडणार असाल तर २५ वॅटची सोल्डरिंग गन आणि पांढऱ्या भागावर एक-दीड सेकंदच टोक टेकवायचं. जास्त वेळ टेकवलं की वरचा चांदीचा थर सोल्डरमधे विरघळतो आणि चकती वाया जाते.

मोठी चकती फळीच्या खालून, जवारीच्या घोडीच्या बरोबर खाली. छोटी चौरस सळईच्या मागच्या तोंडावर. पितळी बाजू लाकडाकडे किंवा लोखंडाकडे. आधी पातळ दोन-तोंडी टेपने लावून, जागा बदलून ऐका. जागा पटली की एपॉक्सीने पक्की करा. फोमचा टेप वापरू नका, तो वरचे सगळे स्वर खाऊन टाकतो. आवाज फारच कर्कश वाटला तर चकतीच्या पाठीवर एम-सीलची पातळ चपाती दाबून बसवा. चकतीच्या स्वतःच्या अनुनादाचं टोक त्याने बोथट होतं.

पिझो थेट मिक्सरला लावला की ‘टिणटिण’ एवढंच ऐकू येतं, खर्ज गायब. २७ मिमीच्या चकतीची धारकता सुमारे २० नॅनोफॅरड असते. पुढच्या यंत्राचा इनपुट १० किलोओहम असेल तर सुमारे ८०० हर्ट्‌झच्या खालचं सगळं कापलं जातं. म्हणजे आपला पांढरी एकचा सा सुद्धा. म्हणून मधे एक बफर, म्हणजे पिझोवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारं सर्किट, लागतो. टीएल ०७२ या आयसीत दोन अ‍ॅम्प्लिफायर असतात, प्रत्येक चकतीला एक.

झिरो पीसीबीवर (भोकं असलेल्या कोऱ्या सर्किट-पाटीवर) आठ पिनांचा आयसी बेस बसवा, आयसी शेवटी घाला. पिन ८ ला ९ व्होल्टची बॅटरी स्विचमधून, पिन ४ ला ग्राउंड. या दोघांमधे १०० मायक्रोफॅरड/२५ व्होल्ट आणि ०.१ मायक्रोफॅरड. १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर बॅटरीच्या दोन टोकांमधे ओळीने. त्यांचा मधला सांधा म्हणजे साडेचार व्होल्टचा मध्यबिंदू. त्याच्यापासून ग्राउंडला ४७ मायक्रोफॅरड.

पहिल्या चकतीची पांढऱ्या थराची तार १० किलोओहममधून, मग ०.१ मायक्रोफॅरडच्या पॉलिस्टर कपॅसिटरमधून पिन ३ ला. पिन ३ पासून मध्यबिंदूला २.२ मेगाओहम. पिन २ आणि १ एकमेकांना. दुसऱ्या चकतीसाठी तेच सगळं पिन ५ ला, आणि पिन ६ व ७ एकमेकांना. पिझोवर जोरात टिचकी बसली तर आयसीला झेपणार नाही असा दाब उसळतो. त्यासाठी पिन ३ आणि ५ ला प्रत्येकी १एन४१४८ चे दोन डायोड लावा: एक ग्राउंडकडून पिनकडे, एक पिनकडून ९ व्होल्टकडे, दोन्हींचा काळा पट्टा ९ व्होल्टच्या दिशेने. पिन १ आणि ७ मधून ४.७ किलोओहमचे दोन रेझिस्टर एका सांध्यावर आणा. तिथून १० मायक्रोफॅरड (धन टोक आयसीकडे), मग ४७ किलोओहमचा लॉग पॉट आणि ६.३५ मिमीचा जॅक.

तो ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काही आराखड्यांत गाळलेला असतो, कारण पिझो स्वतःच कपॅसिटर आहे. मुंबईत तो गाळू नका. जुलैच्या दमट हवेत चकतीच्या कडेवरून बारीक गळती होते, ती मध्यबिंदूचा व्होल्टेज खाली ओढते आणि आवाज फाटायला लागतो.

आयसी घालून मल्टिमीटर लावा. पिन १ आणि ७ वर साडेचारच्या आसपास दिसायला हवं. शून्य किंवा नऊ दिसलं तर २.२ मेगाओहमचा सांधा तुटलाय. पिन ३ वर थेट मोजलं तर ३.७ च्या आसपास दिसेल. तिथे चूक नाही, मीटरचा स्वतःचा १० मेगाओहमचा भार तेवढं खाली ओढतो. सर्किट जेमतेम तीन मिलिअँपिअर घेतं, एक बॅटरी शंभर तासांहून जास्त चालते.

चकतीपासून सर्किटपर्यंत शिल्डेड वायर, ३० सेंमीपेक्षा लांब नको. जाळी पितळाला, मधली तार पांढऱ्या थराला. चौरस सळई आणि पितळी घोडी सर्किटच्या ग्राउंडला एका तारेने जोडा. त्यामुळे तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते. पण मग वाद्याला अर्थिंग असलेल्या तीन पिनी प्लगचाच अ‍ॅम्प लावायचा. जुन्या इमारतीत सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का हे आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तोवर बॅटरीवर चालणारा छोटा अ‍ॅम्प किंवा हेडफोन अ‍ॅम्प वापरा.

बिघाड शोधताना

सतत ५० हर्ट्‌झची गुणगुण येत असेल तर चकतीच्या तारा उलट्या जोडल्या गेल्यात का ते पाहा. पितळी, म्हणजे मोठी बाजू ग्राउंडला नसेल तर ती अँटेना होते. तरीही येत असेल तर चकतीवर इन्सुलेशन टेप, त्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि फॉइल ग्राउंडला.

सगळं शांत असताना घरघर येते आणि जाते? रुळांजवळ राहत असाल तर ती लोकल आहे. जमिनीचा हादरा टेबलाच्या पायांतून फळीत शिरतो. रबरी बुशांखाली जाड फोम ठेवा. पंखा आणि मिक्सरचंही तसंच.

स्पीकर मोठा केला की वाद्य आपोआप ओरडायला लागतं. स्पीकर आणि फळी एकाच टेबलावर नको. हाच गुण काही जण मुद्दाम वाजवतात: स्पीकरची दिशा बदलून, तारेवर बोट ठेवून तो ओरडा सुरात आणता येतो.

एकच पातं मुकं वाटत असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचे बोल्ट पाहा. सगळीच मुकी असतील तर सळईखाली प्लायवर रंगाचा किंवा डिंकाचा थर राहिलाय. तो खरवडा, लोखंड लाकडावर सपाट बसू द्या. एखाद्या ठराविक सुरालाच खरखर येत असेल तर कुठलातरी सुटा वॉशर किंवा बॅटरीची क्लिप त्या सुरावर थरथरतेय. तो सूर वाजवत ठेवून एकेका वस्तूवर बोट दाबा.

पावसाळा

प्लायच्या कडांना लाखेच्या पॉलिशचे तीन हात द्या, भोकांच्या आतूनही. जूनच्या आधी पाती आणि सळई शिलाई मशीनच्या तेलाने पुसून घ्या, पण घोडी आणि दोऱ्याला तेल लागू देऊ नका, जवारी बंद पडते. तारा प्रत्येक वेळी वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. घामाने दहा नंबरची तार पावसाळ्यात पंधरवड्यातही गंजते, आणि गंजलेली तार घोडीपाशीच तुटते, तेव्हा वाजवताना चेहरा तारेच्या सरळ रेषेत ठेवू नका. बरेच दिवस वाजवणार नसाल तर नट दोन फेरे सैल करा, बॅटरी काढून ठेवा आणि सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह फळी प्लास्टिकच्या पिशवीत बांधा.